जावेच्या नावाची कूक

माहं माहेर आरमोरीकडचं, वैनगंगेच्या त्या अंगाले, थे गडचिरोली जिल्ह्यात येते, अन सासर हे इकडं सिंदेवाहीच्या जंगलाकडचं, चंद्रपुरात. नदी ओलांडली का जिल्हा बदलते, बाकी धान तोच, जंगल तेच, बोलनं बी तेच. आमी चार बहिनी, त्याच्यात मी तिसरी, म्हनजे ना लाडाची ना कामाची. शाळा सातवीपर्यंत शिकली. मास्तर म्हनत, रत्ना, तुहं तोंड आहे का धानाची मशीन, बंदच होत नाई. हे काऊन सांगतो तुमाले बाई, का त्याच तोंडानं मी दोन वर्सं एक गोष्ट दाबून ठेवली, अन थे दाबता दाबता मी येडी व्हाच्या बेतात आली होती.

लगन झालं तवा मी एकोनीस वर्साची. आमचे हे राईस मिलमधी कामाले जातात, शेती थोडी आहे, धानाची. घरात सासरे नव्हते, सासू होती, आत्याबाई म्हनतो मी तिले. उंच, वाळकी, कामाले वाघीन, आता हा शब्द तोंडात येते पन बोलवत नाई. आमच्याच घरात नाई, गावच्या बायाईत तिचा शब्द चाले. मंग देवराचं लगन काढलं तवा मीच म्हनलं, आमच्या माहेरी घरामागच्या घरात एक पोरगी आहे, छबू नावाची, कामाची आहे, हसरी आहे. म्हनजे तिले या गावात आननारी मीच. लोक म्हनतात जावा जावा उभा दावा, पन आमचा दावा नव्हता. थे मले जाऊबाई नाई म्हने, ताई म्हने, लहानपनापासून म्हनत आली तशी. तिले पोरगी झाली, पायल, थे बी अर्धी माह्याच मांडीवर वाढली, मले लेकरू नाई ना.

आता तेंदूपत्त्याचं सांगतो. मे महिन्यात पंधरा दिवस थो पत्ता तोडाचं काम राह्यते, बिडीसाठी जाते थो. झुडपं कमरेइतकी, दिवसभर वाकून तोडा लागते, अन वाकलेली बाई जनावराले बाई दिसत नाई, असं जुन्या बाया सांगत. म्हनून आमच्याकडं कूक द्याची रीत. सगळ्यात पुढं आत्याबाई राहे, तिले जंगल माहीत. थे कूऽऽ करून कूक देनार, मंग तिच्या मागची, मंग तिच्या मागची, अशा आमी साती जनी आपापल्या नंबरानं, अन आत्याबाई एकेका कुकेवर एकेक बोट मिटून मोजनार. सात भरल्या का पुढं पाय. एक कमी पडली का सगळ्या जागीच उभ्या, थे बाई डोळ्यानं दिसेपर्यंत कोनी हलाचं नाई. एक बिडी ओढून होईन इतक्या इतक्या वेळानं हे चालू राहे. माहा नंबर सहावा, छबूचा सातवा.

छबूचा हात चपळ, पन जिथी कोवळा पत्ता दिसला तिथी थे रमे अन मागं पडे. मंग सगळ्याईचं काम थांबे, अन आत्याबाई चारचौघीत तिले बोले, का तुह्यापायी साऱ्याईनं उन्हात मराचं का. एक दिवस थे मले म्हनली, ताई, माही कूक तूच देऊन टाक ना, मी आलीच मागून. अन हसली. मी बी हसली. मी माही कूक दिली, मंग मान वळवून, तोंडाले पदर लावून, बारीक आवाजात तिची दिली. लाइन पुढं गेली. थोड्या वेळानं छबू पळत आली, पाठीवर गच्च पत्ता. घरी भांडे घासता घासता आमी दोघी किती हासलो, काय सांगू तुमाले. मंग आमचा खेळच झाला थो. चार-पाच दिवस केला असंन. कोनाले कळलं नाई असं मी समजून राह्यली.

त्या दिवशी थे नाल्याच्या पल्याड गेली. मले बोटानं दाखवलं, का तिकडं पत्ता लय चांगला आहे, अन नुसती मान हलवली, म्हनजे कूक तुह्याकडं. मी तीनदा दिली. तीनदा, बाई. पयल्यानं दिली तवा मले तिची साडी दिसत होती, लाल. दुसऱ्यानं दिली तवा दिसत नव्हती. तिसऱ्यानं दिली तवा मी मागं पाह्यलं बी नाई, सवय झाली होती ना. मंग मोहाच्या झाडाखाली सगळ्या जमल्या अन छबू नव्हती. आत्याबाईनं कूक दिली, जवाब नाई. परत दिली. माह्या तोंडातून कायच निंगेना. बाया म्हनल्या, आता आता तं दिली तिनं कूक, इथीच कुठी असंन, अन जवळच्या जवळ पाहाले लागल्या. मले माहीत होतं का नाल्याकडं पाहा लागते. मी सांगतलं, नाल्याकडं पाहा, पन काऊन थे नाई सांगतलं, अन सांगतलं थे बी लय वेळानं. गावची मानसं काठ्या घेऊन आली, जंगलखात्याचे गार्ड आले, तवा सापडली, वाघानं नेलेली. जोडवं होतं पायात. त्याच्यापुढचं मी दवाखान्यातल्या मॅडमले सांगतलं आहे, तुमाले नाई सांगत.

जंगलखात्याच्या साहेब लोकाईनं विचारलं, शेवटची कूक कवा ऐकली. सगळ्या बायाईनं सांगतलं, मोहाखाली जमाच्या जरासंच आंधी. साहेबानं थेच लिहिलं. मी तिथीच बसली होती, मी नाई म्हनली नाई. अन माह्या मनात एकच, का तिसऱ्यानं कूक दिली तवा छबू होती का नव्हती. मी मेलेल्या बाईची कूक देऊन राह्यली होती का. मी थे कूक दिली नसती तं आत्याबाईचं बोट कमी पडलं असतं, सगळ्या उभ्या राह्यल्या असत्या, सगळ्याईनं हाका मारल्या असत्या, सहा बाया ओरडल्यावर वाघ बी पळते. आमच्या रीतीनं आजवर किती बाया वाचल्या असतीन, अन मी हासता हासता थे रीत मोडली.

मंग माहं जे झालं थे सांगतो. पयले वाटलं दुःख आहे, जाईन. पन थे दुःखावानी नव्हतं. कोकिळा बोलली का माह्या अंगाले घाम फुटे, हात गार पडत, अन मी घरात असून मले नालाच दिसे, आठवन नाई म्हनत मी, दिसे, समोर. कुकरची शिटी झाली का मी उडून उभी राहो. पत्त्याच्या वासानं उलटी होये. झोप नाई, भूक नाई. कोनी मागून हात लावला तं मी किंचाळो. आमचे हे बिचारे घरात येताना दुरूनच खाकरत येत, का मी भिवाची नाई. अन हासू आलं तं पाप केल्यावानी वाटे, तवा हासनंच बंद केलं. लोक म्हनत, केवढा जीव होता जावेवर. थे ऐकलं का मले जमिनीत गडप व्हावं वाटे.

पुजाऱ्याकडं नेलं मले. त्यानं सांगतलं, जाव लागली आहे, तिची काई इच्छा राह्यली असंन. कोंबडं झालं, निंबू झाले, गंडा बांधला. खोटं कशाले बोलू, मले थे पटलं होतं. मले वाटे लागली असंन तं बराबरच लागली, तिनं लागावंच मले. म्हनून मी बरं व्हाले पाहतच नव्हती. पायल मले मोठी आई म्हने, मंग हळूहळू नुसतं आई म्हनाले लागली. गावाले कौतुक वाटे. मी दर वेळी काम काढून परसात जावो.

अन मंग थो दिवस. दुपारची पोरं आंगनात लपंडाव खेळून राह्यली होती. पायल आत आली, धान साठवाच्या ढोल्यामागं लपली, अन तिथून तिनं कूक दिली. लेकराचीच कूक थे, बारीक, जशी मी तोंडाले पदर लावून देत होती तशीच. मले पुढचं नीट आठवत नाई. आमच्या ह्यांनी सांगतलं का मी तिच्या तोंडावर हात दाबून बसली होती, अन चूप, चूप, चूप म्हनत होती, अन त्याईनं माहा हात जोर लावून सोडवला. माह्या तळव्यावर तिचे दात उमटले होते. पोरगी खोकलत होती अन माह्याकडं पाहत होती. आईले मारलं, आता लेकीले, असं मले वाटलं. मी विहिरीकडं चालली होती, आत्याबाईनं दंड धरून बसवलं. अन तशीच धरून बसली.

आमच्या गावची आशाताई, वंदना, दुसऱ्या दिवशी आली. थे म्हनली, वैनी, गंडा राहू द्या हाताले, मी तोडा म्हनत नाई, पन हे भूत नाई, बिमारी आहे, याचा डॉक्टर राह्यते. तालुक्याच्या दवाखान्यात मंगळवारी येतात. मी म्हनलं, येड्याचा डॉक्टर. थे म्हनली, येड्याचा असो नाई तं शहान्याचा, उद्या परत पोरीच्या तोंडावर हात गेला तं काय करान.  मंगळवारी आमचे हे मागच्या सीटवर बसले, अन मी पदर डोक्यावरून पार नाकापर्यंत ओढून बसमधी बसली, का वळखीचं कोनी पाहू नये, अन माह्याच शेजारी आमच्या गावचा कंडक्टर येऊन बसला, म्हने, काकू, दात दुखून राह्यले का.

डॉक्टर पोरगाच होता, माह्याहून बी लहान. त्यानं विचारलं, झोप येते का, दचकता का, थेच थे डोळ्यापुढं येते का, त्या जागेकडं जानं टाळता का, जीव द्यावा वाटते का. मले वाटलं यानं माह्या घरात लपून पाह्यलं का काय. मी शेवटच्याले हो म्हनली, तवा त्यानं पेन खाली ठेवला अन आमच्या ह्यांले आत बोलावलं, सांगतलं का यांना एकटं ठेवाचं नाई. गोळ्या देल्ल्या अन बाजूच्या खोलीत, बोलून इलाज करनाऱ्या मॅडमकडं पाठवलं. मॅडम मूल गावाकडच्या, आपलंच बोलनं बोलत. त्याईनं मले समजावलं, का बैल एकदा पुलावर बिचकला का मंग दर खेपेले तिथी बिचकते, पूल मजबूत असला तरी, गाडीवानानं किती बी हाकललं तरी. तुमचा जीव बी तिथीच अटकला आहे, त्याले अजून कळलं नाई का थो दिवस सरला. बैलाले मारून नाई चालत, धीरानं पुलावरून न्या लागते. हे मले समजलं. आमच्या घरी बैलबंडी होती ना माहेरी.

लगेच बरं नाई वाटलं हो, तसं कोनी म्हनन तं खोटं आहे. दोन महिन्यानं झोप यायले लागली, तं शेजारीन म्हनली, गोळ्याची सवय लागते, सोडून दे, अन मी अकलेचा कांदा, सोडली. मंग जे हाल झाले. परत गेली तं डॉक्टर रागावन म्हनून दारातच रडाले लागली, थो म्हनला, बसा, सगळेच सोडतात एकदा. मॅडमनं मले शिकवलं, भेव आलं का पाय जमिनीले दाबून धराचे, डोळ्यानं दिसते थे पाच सांगाचं, कानानं ऐकू येते थे सांगाचं. मंग मोबाइलवर कोकिळेचा आवाज लावला, बारीक. पयल्या दिवशी मी चप्पल सोडून बाहेर पळाली. दोन-तीन महिने दर खेपेले थो आवाज लावत, थोडा थोडा मोठा. आता कोकिळा बोलते, मी भाजी चिरत राह्यतो. हात थांबते कवा कवा, पन चिरतो.

अन थो दिवस पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगा लागे, परत परत. मी सगळं सांगो, कूक सोडून. पाच खेपा झाल्या असतीन. मंग मॅडम म्हनल्या, रत्नाताई, तुमी नाल्यापर्यंत येता अन दर वेळी तिथीच पानी मागता. मी गिलास खाली ठेवला अन सांगतलं. दोन वर्सात पयल्यांदा. सांगून झाल्यावर मी वाट पाहून राह्यली का आता थे म्हनन, तुमची काई चूक नाई, सगळे थेच म्हनतात. थे नाई म्हनली. थे म्हनली, कूक दिली हे खरं आहे, थे मी नाई पुसू शकत अन तुमी बी नाई. पन वाघ तिथी आहे हे तुमाले माहीत होतं का. मी म्हनलं नाई. तिले मराले सोडाचं तुमच्या मनात होतं का. मी म्हनलं काय बोलता मॅडम. थे म्हनली, मंग चुकीची सजा चुकीइतकी घ्या, खुनाची काऊन भोगता. मी त्या दिवशी जे रडली, बाहेरच्या बाया दार उघडून पाहाले लागल्या.

घरी सांगा असं मॅडमनं मले नाई म्हनलं. पन मले राहवेना. एक दिवस सकाळी आत्याबाई परसात चिंच फोडत बसली होती, मी बी बसली, अन फोडता फोडता सांगून टाकलं. तिचा हात थांबला नाई. चिंचोके एकीकडं, चिंच एकीकडं. मले वाटलं आता थे हातातला दगड माह्या डोक्यात घालते. मंग थे म्हनली, मले माहीत होतं. मी म्हनलं काय माहीत होतं. थे म्हनली, कूक तुही आहे हे मले माहीत होतं, बारा वर्सं तुहा आवाज ऐकून राह्यली मी, पदराआडून दिला म्हनून का वळखू नाई येत. पयल्याच दिवशी वळखली. म्हनलं, पोरी खेळून राह्यल्या, खेळू दे, पत्ता बी चांगला येऊन राह्यला. अन मी बोट मोडलं. तू खोटी कूक दिली रत्ने, पन मोजनारी मी होती.

मले काय झालं असंन सांगा बाई. तुमाले वाटंन मी तिच्या गळ्यात पडली. नाई. मले राग आला, असा राग का माहे दात वाजले. मी म्हनलं, दोन वर्सं तुमी माह्यासमोर जेवल्या, मी विहिरीकडं निंगाली तवा दंड धरला, अन तोंड नाई उघडलं. थे म्हनली, मले वाटलं तुले माहीत नाई का मले माहीत आहे, मंग मी कशाले सांगू, मले बी भेव होतं. ह्या घरात माही नजर खाली जाईन याचं. मी चार दिवस तिच्याशी बोलली नाई. पाचव्या दिवशी पाह्यलं तं थे अंगावर गोधडी घेऊन निजली होती, दुपारची, अन तिच्या हाताची बोटं आपोआप मिटत होती, एक एक करून. तवा मले समजलं का आमी दोघी एकाच जागी अटकून राह्यलो. मंगळवारी मी तिले म्हनलं, चला. म्हने, म्हातारीले काय औषध लागते आता. मी म्हनलं, माह्यासोबतीले चला. तिथी गेल्यावर थे बाकावर बसली, अन मॅडमनं दारातून आजी म्हनून हाक मारली तं उठून आत गेली, मलेच बाहेर बसवून.

देवराले आमी दोघीनं मिळून सांगतलं. त्यानं ऐकून घेतलं, उठला, शेतात गेला, अन मंग आठ दिवस, थो बी मिलमधीच कामाले आहे, तिथीच डबा मागवून जेवला. आजही थो माह्याशी कमी बोलते, त्याचं बराबर आहे. मंग राह्यली पायल. नऊ वर्साची आहे आता. गावात गोष्ट फुटनारच होती, कोन्या पोरीनं शाळेत सांगाच्या आंधी आमच्या तोंडून कळावं असं मॅडमचं बी म्हननं पडलं. मॅडमच्या खोलीतच सांगतलं, मी अन आत्याबाई दोन बाजूले, पोरगी मधात. मी म्हनलं, तुही आई मागं राह्यली होती, अन मी खेळ म्हनून तिच्या नावाची कूक दिली, म्हनून तिच्यासाठी कोनी थांबलं नाई. आत्याबाईनं आपलंवालं सांगतलं. पायलनं इतकंच विचारलं, का आई अन तू का बरं खेळत होत्या तवा.  

मंग तिनं माह्याशी बोलनं सोडलं. आई नाई, मोठी आई नाई, कायच नाई. जेवन वाढलं तं जेवे, दप्तर उचले, जाये. मॅडम म्हनल्या, तिचा राग तिले करू द्या, तुमी मधात रडून तिचा राग हिसकू नका. थे लय कठीन गेलं, रडनं दाबनं नाई, तर तिच्यासमोर साधं वागनं. मी आपली पोळी करो, युनिफॉर्म वाळवो. या महिन्यात, एका सकाळी शाळेच्या वेळेवर थे फनी अन रिबीन घेऊन आली अन माह्याकडं पाठ करून बसली. मी हलक्या हातानं वेनी घालाले लागली. थे म्हनली, सैल होऊन राह्यली, घट्ट घाल.

तवापासून रोज येऊन बसते. आई अजून म्हनत नाई. म्हनन तवा म्हनन, नाई म्हनली तरी माहा काई दावा नाई त्याच्यावर. गोळी रात्रीची एक चालू आहे, डॉक्टर म्हनतात हळूहळू सोडू. तुमी लिहून राह्यल्या बाई, तुमचं भलं होवो, तुमच्या घरी कोनी असं दचकत असंन तं त्याले निंबू उतरवाच्या आंधी दवाखान्यात न्या. उठतो मी आता, शाळेची वेळ होऊन राह्यली, थे फनी घेऊन येईन अन मी जागेवर नसन तं परत जाईन.